पट कोणाचा, खंड कोणाला?

मुलांच्या सुट्टीतील खेळांचा आणि जमिनीच्या खंडाचा काही संबंध असू शकतो असे कोणी म्हटले, तर मध्यमवर्गीय वाचक प्रथम हसतो. खेळ हा खेळ असतो, त्यात राजकारण कशाला, हा त्याचा ठरलेला प्रश्न. वस्तुतः ज्या व्यवहारात राजकारण नाही असे सर्वांना मनोमन वाटते, त्याच व्यवहारात प्रस्थापित व्यवस्थेला सर्वांत सुरक्षित आश्रय मिळत असतो. बैठ्या खेळांचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण आहे. तो इतिहास तपासण्यास आरंभ करायचा तर अंबरनाथ पश्चिमेइतकी सोयीची जागा दुसरी मिळणे कठीण.

अंबरनाथ स्थानकाच्या पश्चिमेस विम्को नाका आहे. ज्या कंपनीने या नाक्याला नाव दिले, तिचा जन्मच मुळी एका जकातीतून झाला. १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया आयातकर बसवला. स्वीडनमधील काडेपेटी-संघाने हिशेब केला, की भिंतीवरून माल फेकण्यापेक्षा भिंतीच्या आत येऊन बसणे स्वस्त. १९२३ मध्ये 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी' स्थापन झाली आणि अंबरनाथच्या माळावर तिचा कारखाना उभा राहिला. सरकारने बांधलेली भिंत परदेशी भांडवलाच्याच उपयोगी पडली, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कधी विसरू नये असा धडा आहे.

या संघाचा सूत्रधार होता इव्हार क्रॉयगर. जग त्याला 'काडेपेट्यांचा राजा' म्हणत असे. त्याची पद्धत सरळ होती. पहिल्या महायुद्धाने खंक झालेल्या सरकारांना त्याने कर्जे द्यायची आणि मोबदल्यात त्या देशातील काडेपेट्यांची मक्तेदारी आपल्या नावे लिहून घ्यायची. पोलंड, ग्रीस, पेरू असे एकेक घर तो घेत गेला. १९२९ च्या अखेरीस जर्मनीशी १२ कोटी ५० लाख डॉलरांच्या कर्जाचा करार झाला. त्यातून निर्माण झालेली मक्तेदारी, खुद्द क्रॉयगर गेला तरी, १९८३ पर्यंत टिकली. मार्च १९३२ मध्ये पॅरिसमध्ये त्याने आत्महत्या केली आणि मागाहून हिशेबाच्या वह्या उघडल्या तेव्हा त्यांतील बरीचशी मालमत्ता कागदावरचीच निघाली. विम्को मात्र चालतच राहिली. २००५ मध्ये स्वीडिश कंपनीने आपला हिस्सा विकला आणि ती आयटीसीच्या छत्राखाली गेली. कंपन्यांचे मालक असे पटावरच्या पत्त्यांप्रमाणे बदलतात. काड्या ओढणारे हात आणि पायाखालची जमीन तीच राहते.

क्रॉयगरचे साम्राज्य कोसळत होते त्याच वर्षांत अमेरिकेच्या फिलाडेल्फिया आणि अटलांटिक सिटी या शहरांतील काही घरांत संध्याकाळी एक पट मांडला जाई. त्या पटावर रस्ते विकत घ्यायचे, त्यांवर घरे बांधायची, दुसऱ्याची सोंगटी तेथे आली की भाडे वसूल करायचे आणि अखेर सर्वांना दिवाळखोर करून एकट्याने उरायचे. खेळाचे नाव होते 'मोनॉपली', म्हणजे मक्तेदारी. याच खेळाची मराठी आवृत्ती 'व्यापार' या नावाने महाराष्ट्रातील घराघरांत पोचली. चाळीच्या गॅलरीत नि फ्लॅटच्या दिवाणखान्यात मुलांनी तीवर मुंबईतले विभाग खरेदी केले, खोट्या नोटा मोजल्या, तुरुंगात गेली, बँकेशी भांडली. ज्यांच्या वडिलांना कर्जत लोकलमध्ये उभे राहायला जागा मिळत नसे, ती मुले मलबार हिलचे भाडे वसूल करू लागली. पालकांना वाटले, मुले हिशेब शिकतात. मुले हिशेब शिकली हे खरेच. परंतु कोणाचा हिशेब, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न या खेळाच्या जन्मातच होता. हा खेळ कोणा व्यापाऱ्याने नव्हे, तर एका स्त्री लघुलेखिकेने रचला, आणि जमीनदारीची स्तुती करण्यासाठी नव्हे तर तिची लूट उघडी पाडण्यासाठी रचला. तिचे नाव एलिझाबेथ मॅगी. लोक तिला लिझी म्हणत. ५ जानेवारी १९०४ रोजी तिला या पटाचे एकस्व मिळाले. खेळाचे नाव तिने ठेवले होते 'जमीनदाराचा खेळ'. पटाच्या एका कोपऱ्यात धरणीमातेचे घर होते. तेथून पुढे जाणाऱ्यास मजुरी मिळे, कारण जमिनीवर केलेल्या श्रमातूनच मजुरी निर्माण होते असे त्या घरावरच लिहिले होते. दुसऱ्या कोपऱ्यात सार्वजनिक उद्यान, तिसऱ्यात तुरुंग, चौथ्या कोपऱ्यावर पाय पडला की तुरुंगाची वाट. कारण ती जमीन कोणा उमरावाच्या मालकीची. कंगाल झालेल्यांसाठी दरिद्रगृहही होते. पट चौकोनी, पण सांगणे सरळ होते.

मॅगी ही हेन्री जॉर्जची अनुयायी. जॉर्जचा 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ १८७९ चा. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा: जमीन कोणीही निर्माण केलेली नाही. तिचे मोल वाढते ते भोवती माणसे वसतात, रस्ते होतात, रेल्वे येते, कारखाने निघतात म्हणून. म्हणजे मोल निर्माण करतो समाज, आणि ते खिशात घालतो मालक. तेव्हा खंड हा करूपाने समाजाच्या तिजोरीत जमा झाला पाहिजे. रिकार्डोने १८१७ मध्ये खंडाचे जे शास्त्र मांडले होते, त्याला जॉर्जने रस्त्यावर आणले. मार्क्सला त्याचा उपाय अपुरा वाटला. भांडवल आणि मजुरी यांचा संबंध तसाच ठेवून केवळ खंड सरकारजमा केल्याने शोषण संपत नाही, असा त्याचा १८८१ मधील आक्षेप होता आणि तो बरोबरच होता. परंतु अपुरा उपाय म्हणजे खोटे निदान नव्हे. जमिनीच्या बाबतीत जॉर्जने बोट अचूक दुखऱ्या जागी ठेवले होते.

मॅगीची खरी प्रतिभा अशी, की तिने एकाच पटासाठी दोन प्रकारचे नियम तयार केले. पहिल्या प्रकारात खंड मालकाला जातो. तो खेळ ज्या टोकाला पोचतो ते सर्वांच्या परिचयाचे आहे: एक धनवान, बाकीचे भिकारी. दुसऱ्या प्रकारात जमिनीचा खंड सार्वजनिक तिजोरीत भरायचा. तिजोरीत पुरेसा पैसा साठला की दिवाबत्ती आणि वाहतूक यांसारख्या सेवा मालकांच्या हातून काढून सर्वांसाठी मोफत करायच्या. आणि खेळ संपतो केव्हा? ज्याने सर्वांत कमी पैशांनिशी आरंभ केला त्याची पुंजी दुप्पट झाली की. त्या क्षणी सर्वच जिंकतात.

या दोन नियमावल्या शेजारी शेजारी ठेवल्या की मक्तेदारीच्या समर्थकांचा आवडता युक्तिवाद पार कोसळतो. ते म्हणतात, श्रीमंत होतो तो कष्टाने आणि हुशारीने. गरीब राहतो तो आळसाने. पटावर काय घडते? आरंभी प्रत्येकाला सारखीच रक्कम दिलेली असते. वारसा नाही, जात नाही, सावकार नाही. प्रत्यक्ष जीवनात कोणाच्याही वाट्याला न येणारी ही समता असूनसुद्धा दोन तासांत एकाकडे सर्व जमीन आणि इतरांकडे शून्य हेच चित्र उभे राहते. खेळणारे सज्जन असोत की लोभी, निकाल तोच. त्याच माणसांनी, त्याच फाशांनी, त्याच पटावर दुसरा नियम लावला की कोणीही कंगाल होत नाही. तेव्हा दोष माणसांच्या स्वभावात नसून नियमात आहे, हे सिद्ध करण्यास याहून सोपा प्रयोग अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणार नाही.

हे ओळखणारे लोक होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे समाजवादी अध्यापक स्कॉट निअरिंग यांनी हा पट विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरला. जॉर्जच्या तत्त्वांवर वसवलेल्या आर्डेन या वसाहतीत तो खेळला जाई. हाताने रंगवलेल्या पटांवरून तो विद्यापीठांत, क्वेकर पंथीयांच्या घरांत पसरला आणि जेथे गेला तेथे लोकांनी त्यावर आपापल्या गावचे रस्ते लिहिले. १९१५ मध्ये विद्यापीठाने निअरिंगना काढून टाकले. बालमजुरीविरुद्ध बोलणारा अध्यापक विश्वस्तांना परवडला नाही. पट मात्र हस्तलिखित पोथीप्रमाणे घरोघर नकलून घेतला जात राहिला.

मग महामंदी आली. चार्ल्स डॅरो या बेकार गृहस्थाला एका परिचिताने हा खेळ शिकवला, नियम लिहून दिले. डॅरोने तो आपला म्हणून विकला. अटलांटिक सिटीजवळील 'मार्व्हेन गार्डन्स' हे नाव नकलताना परिचिताच्या पटावर 'मार्व्हिन' असे चुकले होते. डॅरोने ती चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली. चोरीच्या मालावर मूळ मालकाच्या घरची खूण राहावी तसा हा प्रकार. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने त्याच्याकडून खेळ घेतला, डॅरो लक्षाधीश झाला, आणि त्याच वर्षी कंपनीने मॅगीचे एकस्व ५०० डॉलरांना विकत घेतले. पुढील विक्रीत तिचा छदामही हिस्सा नाही. दुसऱ्या नियमावलीचे नाव त्यानंतर पेटीत उरले नाही. बेकारीतून स्वतःच्या कल्पनेने वर आलेल्या डॅरोची कहाणी मात्र दशकानुदशके खेळाबरोबर सांगितली गेली. १९४८ मध्ये मॅगी निवर्तली तेव्हा जगाला तिचा विसर पडला होता.

सत्य बाहेर आले ते दुसऱ्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकामुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या राल्फ अँस्पॅक यांनी १९७३ मध्ये 'अँटी-मोनॉपली' नावाचा खेळ काढला. मोनॉपलीच्या मालकांनी नावावर हक्क सांगितला, १९७४ मध्ये कज्जा सुरू झाला आणि १९७७ मध्ये या खेळाच्या सुमारे ४० हजार प्रती मिनेसोटात जमिनीत गाडण्यात आल्या. मक्तेदारीविरोधी खेळाची प्रेतयात्रा मक्तेदारीने काढावी, हा उपरोध कोणा नाटककाराला सुचला नसता. बचावासाठी पुरावे शोधताना अँस्पॅक मॅगीच्या एकस्वापर्यंत पोचले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि प्राध्यापक जिंकले.

ही एकट्या मॅगीची दुर्दैवी कथा समजून सोडून देणे चूक ठरेल. तिच्या आधीही हेच घडत आले होते. फरक एवढाच, की तिच्यापूर्वीचे रचनाकार अनाम होते. कापडाच्या फुलीवर कवड्या टाकून खेळल्या जाणाऱ्या पचिशीचे नाव किंचित वाकवून 'पार्चिसी' हे व्यापारचिन्ह अमेरिकेत १८७४ मध्ये नोंदवले गेले. त्याच पचिशीला सोपी करून इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये 'ल्यूडो' या नावाचे एकस्व घेण्यात आले. सापशिडी १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये पेटीबंद झाली. गावाची गायरान कुंपण घालून खासगी होते, तसेच हे कुंपण: जे सर्वांचे होते त्याला एक मालक, एक पेटी आणि एक किंमत मिळाली. मग तीच पेटी बोटीतून मुंबईला आली, आणि ज्या देशाच्या अंगणात पचिशी वाढली त्याच देशाने ल्यूडो विकत घेतला.

येथे संस्कृतिरक्षकांची दुसरी फळी उत्साहाने पुढे सरसावते. 'पाहा, सर्व खेळ आमचेच! बुद्धिबळ आमचे, सापशिडी ज्ञानेश्वरांची, गोऱ्यांनी चोरली!' ही आरोळी ऐकायला गोड असली तरी ती मूळ प्रश्नाला बगल देते. एका कंपनीचे कुंपण काढून तेथे एका राष्ट्राचे किंवा एका धर्माचे कुंपण घालणे म्हणजे गायरान मोकळे करणे नव्हे. शिवाय वस्तुस्थितीही त्यांना साथ देत नाही. इराकमधील ऊर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत सापडलेले पट इसवी सनापूर्वी सुमारे २६०० वर्षांचे आहेत. इजिप्तमधील सेनेत हा खेळ त्याहूनही जुना. ऊरच्या खेळाचे नियम सांगणारी, इसवी सनापूर्वी १७७ या वर्षाची बाबिलोनी मृत्तिका ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्याशी जुळणारा खेळ कोचीनच्या ज्यू कुटुंबांत थेट विसाव्या शतकापर्यंत टिकून होता. एवढ्या प्रवासात तो कोणत्या राष्ट्राचा म्हणायचा?

बुद्धिबळाचे मूळ गुप्तकाळाच्या सुमाराच्या चतुरंगात आहे, याबद्दल बहुतेक इतिहासकार सहमत आहेत. परंतु मराठी माणूस आज पटावर जे बोलतो ते ऐकावे: वजीर, प्यादे, शह, मात. चतुरंग इराणात गेले, तेथे शत्रंज झाले आणि फारसी शब्द घेऊन परत आले. युरोपात वजिराची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची अफाट चाल मिळाली. ती चाल मराठी वजिराने मुकाट्याने स्वीकारली. देणे आणि घेणे यांचा असा गुंता ज्या खेळाच्या प्रत्येक मोहऱ्यात आहे, त्यावर एकट्याचा झेंडा लावणे हे अज्ञान तरी आहे किंवा लबाडी तरी. सापशिडीचा मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला ही श्रद्धा आदरणीय असली, तरी हाती असलेले जुने पट बहुतेक अठराव्या शतकाच्या अलीकडचे आहेत आणि त्यांत वैष्णव आहेत, जैन आहेत, सूफीही आहेत. प्रत्येक पंथाने तोच पट घेऊन आपापले पापपुण्य त्यावर लिहिले.

खऱ्या वारशाचा पुरावा पाहायचा तर अंबरनाथहून फार दूर जावे लागत नाही. कल्याण बंदराचा माल ज्या वाटेने जुन्नरकडे चढत असे, त्या नाणेघाटात सातवाहन राणीचा यज्ञदानांचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे आणि खडकावर कोरलेले खेळांचे पटही आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतही असे पट नोंदले गेले आहेत. कोठे खळग्यांच्या दोन ओळी, बिया किंवा खडे फिरवत नेण्यासाठी. कोठे नवकंकरीचे एकात एक चौकोन. कोठे वाघबकरीच्या तिरक्या रेघा. लेण्याचे वय ते रेघांचे वय, असा हिशेब येथे चालत नाही, कारण दगडावर रेघ कोणीही केव्हाही ओढू शकतो. पण कोणी ओढली असेल याचा अंदाज कठीण नाही. ज्यांचा माल नव्हता, पण ज्यांच्या पाठीवर तो होता, ते हमाल, बैलवाले, पहारेकरी जकातीच्या खोळंब्यात बसले असतील. राणीचे नाव शिलालेखात राहिले. अंबरनाथच्या शिवालयातील शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख शिलाहार मांवाणिराजाचे नाव सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त राजमंदिरातील खेळांचे वर्णन लिहून ठेवले. हमालांनी फक्त रेघ ठेवली. तिच्यावर ना नाव, ना हक्क, ना किंमत. जो बसेल त्याचा पट. बैठ्या खेळांच्या इतिहासातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

त्या निनावी परंपरेतही सर्व काही निर्मळ होते असे समजण्याचे कारण नाही. नियम कोणी कोणासाठी केले हे तेथेही पाहावे लागते. मोक्षपटावर माणूस घसरतो तो स्वतःच्या दुर्गुणाने आणि चढतो तो स्वतःच्या पुण्याने. भूक, कर्ज, दुष्काळ, बेदखली यांना त्या पटावर घरच नाही. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त असत. इंग्रजांनी दोहोंची संख्या सारखी करून आणली, पण पडण्याचा दोष पडणाऱ्याच्याच माथी ठेवला. कौटिल्याचे राज्य याहून रोखठोक. 'अर्थशास्त्रा'त द्यूताध्यक्ष नेमला आहे, खेळ एकाच ठिकाणी चालवायचा, अन्यत्र खेळणाऱ्यास दंड, फासे सरकारने भाड्याने द्यायचे आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ वसूल करायचे. खेळाडू हरो वा जिंको, जागेचा धनी कधीच हरत नाही! मोबाइलवर पैसे लावून ल्यूडो खेळवणाऱ्या कंपन्यांचा धंदा हाच होता. प्रत्येक डावातून त्यांचा वाटा कापला जाई. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो होईपर्यंत कित्येक कामगार घरांतील पगार त्या पटावर गेला होता.

याउलट वाघबकरी पाहावी. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. मांडणी गावागणिक बदलते, तत्त्व बदलत नाही. वाघ उडी मारून बकरी खाऊ शकतो. बकरीला मारण्याचा अधिकारच नाही. तरीही बकऱ्या जिंकू शकतात, मात्र एकाच मार्गाने: एकमेकींच्या पाठीशी उभे राहून वाघाची प्रत्येक वाट बंद करायची. एकटी सुटलेली बकरी मेलीच म्हणून समजावे. हा खेळ रचणाऱ्यांनी कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता. पण संख्येचे बळ संघटनेशिवाय व्यर्थ असते हे त्यांना अनुभवाने कळले होते. 'व्यापार' पेटीत मिळतो आणि वाघबकरी विस्मरणात जाते, यात मुलांच्या आवडीनिवडीचा भाग किती आणि बाजाराच्या सोयीचा किती, याचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा.

आता पुन्हा अंबरनाथ पश्चिमेकडे वळावे, कारण तेथे जमीनदाराचा खेळ कागदावर नव्हे, प्रत्यक्ष चालू आहे. १८५६ मध्ये या भागातून खोपोलीपर्यंत लोहमार्ग गेला. कारखाने आले. फाळणीनंतर शेजारच्या कल्याण कॅम्पात निर्वासितांनी संसार उभे केले, त्याचे उल्हासनगर झाले. दारूगोळ्याचा कारखाना आला, औद्योगिक वसाहत आली, बारवी धरणाचे पाणी आले. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांवर गेली होती. या सर्व काळात येथील जमीन एक तसूभरही हलली नाही, वाढलीही नाही. तिचे मोल मात्र पटींनी वाढले. ते कोणी वाढवले? पहाटेची लोकल पकडणाऱ्यांनी, पाळीवर जाणाऱ्यांनी, कर भरणाऱ्यांनी. आणि वाढीव मोल चुकवतो कोण? तेच, वीस वर्षांच्या हप्त्यांनी. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ मध्ये आला. त्यात पळवाटा होत्या हे खरे, पण पळवाटा बुजवण्याऐवजी महाराष्ट्राने २००७ मध्ये कायदाच रद्द केला. मॅगीच्या भाषेत सांगायचे तर, दुसरी नियमावली पेटीतून काढून टाकली.

सर्वांत बोचरी गोष्ट क्रीडांगणांची. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात मैदाने, उद्याने यांसाठी भूखंड आरक्षित होतात. परंतु त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढच्या ठरावीक मुदतीतही प्रशासन हलले नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. म्हणजे नगरपालिकेने नुसते स्वस्थ बसायचे. मैदान आपोआप जमीनदाराच्या घरात जाते. मॅगीच्या पटावर सार्वजनिक उद्यानाला निदान एक पक्का कोपरा होता. मुले मोबाइलला चिकटली म्हणून हळहळणाऱ्या नगरसेवकांनी आधी आपल्या आराखड्यातील किती मैदाने अशी निसटू दिली, याचा जाब द्यावा.

मागणी अवास्तव नाही. पहिली: अंबरनाथ नगरपालिकेने आराखड्यातील प्रत्येक क्रीडांगणाच्या आरक्षणाची स्थिती, उरलेली मुदत आणि संपादनाची तरतूद दरवर्षी जाहीर फलकावर लावावी. विम्को नाक्यावर जाहिरातींच्या फलकांना जागा मिळते, तर यालाही मिळू शकेल. दुसरी: उद्यानांतील आणि स्थानकाबाहेरील दगडी बाकांवर, ओट्यांवर नवकंकरी, वाघबकरी, सारीपाट यांचे पट कोरून द्यावेत. गवंड्याच्या काही दिवसांच्या मजुरीपलीकडे त्याला खर्च नाही, आणि ज्यावर खडे ठेवून खेळायचे त्याला पेटीही लागत नाही, वीजही लागत नाही. तिसरी: ज्या घरांत, ज्या शाळांत 'व्यापार'चा पट आहे, तेथे तो एकदा मॅगीच्या दुसऱ्या नियमाने खेळून पाहावा. भाडे मालकाला नव्हे, मधल्या तिजोरीत टाकावे. तिजोरी भरली की वीज आणि रेल्वे सर्वांना मोफत करावी. सर्वांत कमी पैसे घेऊन बसलेल्या मुलाची रक्कम दुप्पट होईपर्यंत खेळावे.

मग मुलांनाच विचारावे, की दोहोंपैकी कोणत्या नियमाने चालणाऱ्या गावात राहायला आवडेल. त्यांचे उत्तर ऐकून मोठ्यांनी नगरपालिकेच्या पुढच्या सभेला जावे आणि मैदानांची यादी मागावी.